बटणाला बांधलेली तार

मित्रांनो, मी कॉफी भाजणारा एक जुना रोस्टर आहे आणि ज्या तांड्यात मी आज उभा आहे तिथे कॉफी कोणी पीत नाही. डोंगरकडा गावाजवळच्या या तांड्यात, हिरासिंगच्या घरामागे, पत्र्याच्या छपराखाली माझी जागा आहे. लहान मुलं खेळताना माझ्यापासून लांबच राहतात. त्यांच्या आयांनी त्यांना सांगून ठेवलं आहे, की ही हात जाळणारी मशीन आहे. माझ्याबद्दल एवढंच ऐकून तुम्हीही लांब जाऊ नका. माझी बाजू मी आज पहिल्यांदाच सांगतो आहे.

माझा जन्म दक्षिणेतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. ओतीव लोखंडाचा ड्रम, त्याला फिरवणारी मोटर, पितळेच्या चाव्या आणि आतलं भाजणं दिसावं म्हणून पुढे काचेची गोल खिडकी, असं माझं रूप होतं. ड्रमखाली गॅसचा मोठा बर्नर आहे आणि त्याच्या शेजारी करंगळीच्या नखाएवढी एक ज्योत. तिला पायलट म्हणतात. ती दिवसभर जळत राहते आणि चावी फिरवली की मोठ्या बर्नरला पेटवते.

या ज्योतीच्या तोंडाशी तांब्याचं एक टोक बसवलेलं असतं. ते टोक तापलेलं असेल तोवरच गॅसचा दरवाजा उघडा राहतो. ज्योत विझली की टोक थंड होतं आणि अर्ध्या मिनिटात दरवाजा आपोआप बंद होतो. हे टोक म्हणजे माझा राखणदार. ज्योत नव्याने पेटवताना मात्र टोक थंडच असतं, म्हणून एक बटण थोडा वेळ दाबून धरावं लागतं. टोक तापलं की बटण सोडून द्यायचं. मित्रांनो, हे बटण तेवढं लक्षात ठेवा.

काही वर्षं मी एका डोंगरी गावात कॉफी भाजली. मग मालकाने मोठं यंत्र घेतलं आणि मला एका गोदामात ठेवून दिलं. १९९३ साली हिरासिंग वसमतची हळद ट्रकमध्ये भरून दक्षिणेत आला होता. परतीचा माल शोधताना त्याने मला पाहिलं. कॉफीशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. तो माझ्याभोवती दोनदा फिरला आणि क्लीनरला म्हणाला, "याच्यात शेंगदाणे बराबर भाजतील." असा मी मराठवाड्यात आलो. तेव्हा हिंगोली हा वेगळा जिल्हासुद्धा झाला नव्हता.

आखाडा बाळापूरला, नांदेड रस्त्याच्या कडेला, हिरासिंगने एक गाळा भाड्याने घेतला. तो ट्रकवर असे, म्हणून दुकान चालवायची त्याची बायको रूपाबाई. तिच्या मदतीला तिचा धाकटा भाऊ देविदास होता. आईवडील लवकर गेल्यामुळे रूपाबाईनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. दोघं आपसांत तांड्याची गोरमाटी बोलत आणि गिऱ्हाइकाशी मराठी. मला हळूहळू दोन्ही कळू लागल्या.

सुरुवातीला माझी पायलट त्यांना फार त्रास देई. वसमतहून अमृतराव नावाचे शेगड्या दुरुस्त करणारे म्हातारे मिस्त्री आले आणि त्यांनी दिवसभर बसून रूपाबाईला सगळं शिकवलं. ज्योत निळी आणि ताठ हवी. पिवळी, आळशी ज्योत दिसली तर हवेच्या भोकात काहीतरी अडकलंय असं समजायचं. ज्योत टोकाला चाटून गेली पाहिजे, नाहीतर टोक तापणार नाही. टोकावर काजळी धरली तरी तेच होईल. विझली तर आधी सिलिंडर बंद करायचा, शंभर आकडे मोजायचे, वास घ्यायचा आणि मगच काडी ओढायची. भोकात सुई घालायची नाही, कारण भोक मोठं झालं की ज्योत पुन्हा कधीच नीट जळत नाही. रूपाबाई शाळेत गेली नव्हती, पण हे सगळं तिने एकदाच ऐकलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

एका हिवाळ्यात माझी ज्योत रोज दुपारी चारच्या सुमाराला विझू लागली. देविदासने सिलिंडर बदलून पाहिला. हिरासिंग म्हणाला की गॅसच खराब येऊन राहिला. रूपाबाईने कोणाचं ऐकलं नाही. ती माझ्यासमोर पोतं टाकून दुपारभर बसली. चार वाजता नांदेडची एसटी दुकानासमोर येऊन वळली, धुळीचा लोट आत आला आणि ज्योत विझली. रूपाबाई उठली आणि तिने माझ्या डाव्या बाजूला पत्र्याचा एक तुकडा आडवा ठोकला. दुसऱ्या दिवसापासून ज्योत विझायची थांबली. पुढे एकदा ज्योत पिवळी पडली, तेव्हा हवेच्या भोकात शेंगदाण्याची लाल साल सापडली. तिने ती दात घासायच्या जुन्या ब्रशने काढली. त्या दिवसापासून तो ब्रश खिळ्याला टांगलेला असे आणि दुसऱ्या कशालाही वापरायची कोणाला परवानगी नव्हती.

ती चार-पाच वर्षं माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली वर्षं होती. माझे खारे दाणे आणि फुटाणे वसमतपासून हिंगोलीपर्यंत जात. देविदास तर माझ्यावर जीव टाकायचा. दर सोमवारी तो माझी पितळ चिंचेने घासून लखलखीत करी आणि गिऱ्हाइकांना सांगे, की अशी मशीन साऱ्या परभणी जिल्ह्यात न्हाई. लोडशेडिंग झालं की माझा ड्रम हाताने फिरवावा लागे. तेव्हा तो घामाने निथळत फिरवी आणि माझ्याशी गप्पा मारी. त्याच्या लग्नाचं कधी होणार, बायको कशी मिळणार, हे सगळं तो मला सांगायचा. म्हणूनच पुढे जे झालं ते मला आजही पचत नाही.

१९९८ सालच्या दसऱ्याची गोष्ट. हिंगोलीच्या दसरा मेळ्यासाठी एका व्यापाऱ्याने फुटाणे आणि लसणाचे दाणे यांची मोठी मागणी दिली होती. माझं तांब्याचं टोक तोवर झिजलं होतं, त्यावर काजळीही धरत होती. ज्योत जळत असली तरी टोक पुरेसं तापत नसे आणि दरवाजा मध्येच बंद होई. म्हणजे माझा राखणदार थकला होता आणि तसं तो सांगत होता. रूपाबाईने देविदासला नांदेडहून नवं टोक आणायला सांगितलं. तो म्हणाला, मेळा होऊ दे, मग आणतो.

त्याच आठवड्यात रूपाबाईची सासू आजारी पडली आणि ती दोन दिवस तांड्यावर गेली. हिरासिंग शेंगा आणायला वसमतला गेला होता. दुकानात देविदास आणि मी, दोघंच उरलो. पहिल्या सकाळी मी चार वेळा बंद पडलो. प्रत्येक वेळी ज्योत पेटवायची, बटण धरून बसायचं, ड्रम पुन्हा तापायची वाट पाहायची. पाचव्या वेळी त्याने बटण दाबून धरलं, इकडेतिकडे पाहिलं आणि पोत्याचं तोंड बांधायची तार घेतली. ती तार त्याने बटणावरून नळीभोवती दोन वेढे देऊन करकचून आवळली.

मित्रांनो, बटण दाबलेलंच राहिलं तर राखणदाराला काही अर्थ उरत नाही. ज्योत असो वा नसो, गॅसचा दरवाजा उघडाच राहतो. देविदासला हे माहीत होतं. अमृतराव शिकवत होते तेव्हा तो तिथेच बसला होता.

दोन दिवस मी एकदाही बंद पडलो नाही. तो खूश झाला. माझ्या ड्रमवर थाप मारून म्हणाला, "आता कसा बराबर चालून राहिला."

तिसऱ्या सकाळी भाजणं संपलं होतं. मोठा बर्नर बंद होता, फक्त पायलट जळत होती. देविदास रस्त्यावर टेम्पोत पोती भरून घेत होता. वारा सुटला होता. पत्र्याच्या आडोशालाही न जुमानता एक झोत आत आला आणि ज्योत विझली. मी दरवाजा बंद करायला हवा होता. मला तो बंद करता येईना. तासभर माझ्या पोटातून थोडा थोडा गॅस येत राहिला. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर गेला नाही, माझ्या तळाच्या ट्रेमध्ये साचत गेला.

तेवढ्यात रूपाबाई तांड्यावरून आली. तिला पडसं झालं होतं आणि शेजारच्या टोपल्यांतला लसणाचा वास साऱ्या दुकानात भरला होता. तिने ड्रमखाली वाकून पाहिलं, ज्योत विझलेली होती. तिने सिलिंडर बंद केला. शंभर आकडे मोजले. नाक माझ्याजवळ आणून वास घेतला, पण पडशाने तिला काही कळलं नाही. एरवी अर्ध्या मिनिटाच्या गॅसला शंभर आकडे पुरेसे असत. तिचा माझ्यावर विश्वास होता. दरवाजा मी वेळेवर बंद केला असणार, असंच तिने धरलं. मग तिने सिलिंडर उघडला आणि काडी ओढली. दुसरा हात ती बटणाकडे नेणार होती, पण तो तिथवर पोहोचलाच नाही.

माझा तळाचा ट्रे वाकून बाहेर आला. काच फुटली. रूपाबाईचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला आणि गालावरही झळ बसली. देविदास पळत आला. त्याने सिलिंडर बंद केला, बहिणीच्या अंगावर ओलं पोतं टाकलं, शेजारच्यांना हाका मारल्या. एवढं त्याने बरोबर केलं, हे मी नाकारत नाही. लोक तिला उचलून जीपकडे नेत असताना तो एकटा मागे वळला. पक्कड घेतली, माझ्या बटणावरची तार कापली आणि खिशात घातली. मग जीपच्या मागे धावला.

संध्याकाळी हिरासिंग आला तेव्हा साऱ्या बाळापुराला माहीत झालं होतं, की रूपाबाईच्या मशीनने दगा दिला. ते कोणी सांगितलं हे मला विचारू नका. मी तर तिथेच उभा होतो आणि मला तोंड नव्हतं.

हिरासिंगने मला टेम्पोत घालून तांड्यावर आणलं आणि घरामागे टाकलं. दुकान सुटलं. महिन्याभराने रूपाबाई दवाखान्यातून आली. हात कापडात गुंडाळलेला होता आणि बोटं वळत नव्हती. आल्या दिवशीच ती माझ्याकडे आली. डाव्या हाताने तिने एकेक गोष्ट तपासली. ज्योतीचं भोक पाहिलं. टोक पाहिलं. मग बटणावर बोट फिरवलं. पितळेवर तारेने कापलेला गोल चरा होता. तिने नळीच्या मागे हात घातला आणि बोटभर लांबीचा तारेचा तुकडा बाहेर काढला. कापताना तो तिथे अडकून राहिला होता. देविदास तिच्यामागे उभा होता.

"हे काय हाय, देविदास?" तिने विचारलं.

तो खाली बसला. मग म्हणाला, "सारखी इझून राहिली व्हती, अक्का. मेळ्याचा माल द्यायचा व्हता. म्हणलं दोन दिवसाचंच काम हाय."

मला वाटलं, आता माझं नाव धुऊन निघेल. माझ्या पोटातला प्रत्येक नटबोल्ट ओळखणारी बाई तार हातात घेऊन उभी होती. तेवढ्यात हिरासिंग घरातून आला आणि काय पाहून राहिलात म्हणून त्याने विचारलं.

रूपाबाईने मूठ मिटली. "काही न्हाई," ती म्हणाली. "मशीनच जुनी झाली व्हती."

मित्रांनो, माझा ट्रे वाकला, काच फुटली, तेव्हा मला इतकं दुखलं नव्हतं. देविदासने तार लपवली ती भीतीने, हे मी समजू शकलो. पण रूपाबाईला खरं माहीत होतं आणि तरी तिने माझ्यावर खोटं ढकललं. भाऊ वाचावा म्हणून तिने माझा बळी दिला. त्या दिवसानंतर ती माझ्याकडे फिरकली नाही. पाणी आणायला जाताना ती लांबच्या वाटेने जायची. पावसाने माझा ड्रम गंजला. पितळ काळी पडली. देविदास कधी घरी आला तरी मागच्या अंगणात पाऊल टाकत नसे.

तीन वर्षं अशीच गेली. दरम्यान देविदासचं लग्न झालं. बायकोचं नाव संगिता. तिला मी पहिल्यांदा पाहिलं ते २००१ च्या हिवाळ्यात. देविदास टेम्पो घेऊन आला होता. त्याने वसमतला दाणे-फुटाण्यांचं दुकान टाकायचं ठरवलं होतं, भट्टीचा सांगाडा घेतला होता आणि माझा बर्नर, चाव्या, पायलट काढून त्याला बसवायच्या होत्या. हिरासिंगची काही हरकत नव्हती. तसंही मी पडूनच होतो. भट्टीवर संगिता बसणार होती, म्हणून ती सगळं बघायला सोबत आली होती. रूपाबाई दाराशी बसून मटकी निवडत होती.

संगिताने माझ्यापुढे वाकून विचारलं, की ही बारकी ज्योत सारखी विझते असं ऐकलं, ते खरं का. देविदास नट सोडवत होता. मान वर न करता तो म्हणाला, "इझते कधी कधी. त्याला एक युक्ती हाय, मी दाखवतो तुला."

रूपाबाईच्या हातातलं सूप थांबलं. ती उठली, अंगण ओलांडून आली आणि तीन वर्षांनी पहिल्यांदा माझ्यासमोर उभी राहिली. तिने भावाच्या हातातला पाना काढून घेतला.

"संगिता, इकडं बघ," असं म्हणून तिने उजवा हात पुढे केला. भाजलेली कातडी आक्रसून बोटं आत वळली होती. "हे मशीननं केलं न्हाई. बटणाला तार बांधली व्हती. हीच ती युक्ती."

हिरासिंग खाटेवर बसला होता. तो उठून उभा राहिला. कोणी बांधली, असं त्याने विचारलं नाही. देविदासच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला समजलं. मग तो बायकोकडे वळला. "तुला कवापासून माहीत हाय?"

"दवाखान्यातून आले त्या दिवसापासून."

"मग मला काहून सांगितलं न्हाईस?"

रूपाबाईने पाना खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "तुमी त्याला दारात उभं केलं नसतं. आईमागं मीच वाढवलंय त्याला. माझा हात तर गेलाच व्हता, म्हणलं भाऊ तरी राहू द्या."

देविदास म्हणत राहिला की तेव्हा चूक झाली, आता तसं करणार नव्हतो, युक्ती म्हणजे दुसरंच काही सांगणार होतो. कोणी ऐकत नव्हतं. संगिता माझ्या बटणाकडे बघत होती. पितळेवरचा चरा अजून तिथेच होता. तिने त्यावरून नख फिरवलं आणि नवऱ्याला शांतपणे विचारलं, "अन् काडी माझ्या हातात देणार व्हते तुमी?"

टेम्पो रिकामाच परत गेला. हिरासिंग त्या दिवशी जेवला नाही आणि पुढे कित्येक दिवस रूपाबाईशी कामापुरतंच बोलला. आपल्याला तीन वर्षं खोट्यात ठेवलं, हे त्याला मेहुण्याच्या चुकीपेक्षा जास्त लागलं असावं. मला त्याचं दुःख कळत होतं. रूपाबाईच्या खोट्याने दुखावलेले त्या अंगणात आम्ही दोघंच होतो.

वसमतचं दुकान वर्षभराने निघालं, नवीन चाव्या आणि नवीन टोक घेऊन. ते संगिताने आपल्या हिमतीवर काढलं. त्याआधी ती पंधरा दिवस तांड्यावर राहिली आणि रूपाबाईकडून शिकली. शिकली ती माझ्यावरच, गॅस न जोडता. रूपाबाई तिला डोळे मिटायला लावी आणि हाताने टोक शोधायला सांगे. कधी मुद्दाम नट सैल करून ठेवी, कधी भोकात साल अडकवी आणि विचारी, सांग बरं, का विझली असेल. संगिता शोधून काढेपर्यंत जेवायला उठायचं नाही. त्या पंधरा दिवसांत मी पुन्हा कामाचा झालो. फक्त आग नव्हती.

देविदास एकदा एकटाच आला. रॉकेलचं फडकं घेऊन त्याने माझी पितळ घासली. बटणाजवळ आला तेव्हा त्याचा हात थांबला आणि तेवढी जागा सोडून त्याने बाकी सगळं पुसलं. मी त्याला माफ केलं का, असं तुम्ही विचाराल. मला खरंच माहीत नाही.

मला पुन्हा कोणी पेटवलं नाही. वाकलेला ट्रे आणि गंजलेला ड्रम दुरुस्त करण्यात अर्थ नव्हता. आता माझ्या पोटात कोंबड्या अंडी घालतात. तांड्यातले लोक अजूनही कधी कधी पाहुण्यांना दाखवतात, हीच ती हात जाळणारी मशीन. रूपाबाई ऐकत असली तर हातातलं काम ठेवून येते आणि सांगते, "मशीननं न्हाई. आमच्याच माणसानं." पण ती सगळीकडे कशी असेल? ती तीन वर्षं गप्प राहिली, तेवढ्यात खोटी गोष्ट गावोगाव गेली. खरी गोष्ट अजून तिच्यामागे धापा टाकत चालली आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात, दुकानात एखादी ज्योत सारखी विझत असेल तर तिच्यावर चिडू नका. गॅस बंद करा, दारं-खिडक्या उघडा, जाणकाराला बोलवा आणि ती का विझते ते शोधा. यंत्र थांबतं तेव्हा ते तुम्हाला काही सांगत असतं, त्याला तारेने गप्प करू नका. आणि हातून चूक झालीच तर ज्या दिवशी झाली त्याच दिवशी सांगून टाका. माणसं रागावतील, पण ती पुढे बोलतील, भांडतील, विसरतीलही. ज्याला तोंड नाही त्याच्यावर चूक ढकलणं फार सोपं असतं. तो नाही म्हणत नाही. नुसता उभा राहतो आणि गंजत जातो.